वाचकांचे प्रश्न : नांगरामागच्या थव्यातला निराळा कुरव

गेल्या अंकात नांगरणीच्या मागे उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांवर एक छोटी टीप दिली होती. तिच्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली आणि बहुतेकांचा रोख एकच होता : सारख्या दिसणाऱ्या शेकडो पक्ष्यांमध्ये एखादा दुर्मीळ कुरव असेल, तर तो हुडकायचा कसा आणि हुडकल्यावर खात्री कशी करायची. पत्रे निरनिराळ्या देशांतून आलेली असल्यामुळे उत्तरांतील उदाहरणेही निरनिराळ्या जातींची आहेत. पद्धत मात्र कुठल्याही शेतात तीच लागू पडते.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या मागे काळ्या डोक्याचे तीन-चारशे कुरव होते. हिवाळा असल्यामुळे डोके अर्थातच कोणाचेच काळे नव्हते. त्यांतल्या एकाच्या पंखांची टोके मला पांढरीशुभ्र दिसली, बाकीच्यांची काळी होती. दोन मिनिटांत तो उडून गेला. हा भूमध्य कुरव समजावा का?

उत्तर : शक्यता चांगली आहे, पण एवढ्याच वर्णनावर मी स्वतः तो वहीत पक्का लिहिला नसता. कारण पंखाचे टोक पांढरे दिसण्याची चार-पाच कारणे असतात आणि त्यांपैकी एकच दुर्मीळ जातीकडे नेते.

पहिला चकवा खुद्द काळ्या डोक्याच्या कुरवाच्याच पंखात आहे. त्याच्या पंखाच्या टोकाकडील पुढच्या कडेला पांढऱ्या रंगाची एक ठळक लांबट पाचर असते आणि काळा रंग असतो तो मागच्या कडेला, पिसांच्या अगदी टोकांवर. पक्षी आपल्याकडे तोंड करून येत असेल, ऊन समोरून पडत असेल आणि पंख वर उचललेला असेल, तर ती पांढरी पाचर डोळ्यांत भरते आणि मागची काळी किनार दिसतच नाही. म्हणून पक्षी आपल्यापासून दूर जात असताना किंवा आडवा जात असताना पंखाची मागची कड पाहिली होती का, हा माझा आपल्याला पहिला प्रश्न राहील.

दुसरे कारण पिसे बदलण्याचे. प्रौढ कुरव विणीनंतर सगळी पिसे बदलतात, पंखाच्या टोकाकडील दहा लांब पिसे आतून बाहेरच्या क्रमाने गळतात आणि सर्वांत बाहेरची, म्हणजे नेमकी काळ्या टोकांची पिसे शेवटी येतात. ती जुनी गळून गेली आहेत आणि नवी अजून अर्धवट आहेत, अशा काही आठवड्यांत मिटलेल्या पंखाचे काळे टोक नाहीसेच झालेले असते. हेरिंग गलसारख्या मोठ्या कुरवांमध्ये तर हा प्रकार इतका बेमालूम असतो, की उत्तर ध्रुवाकडून उतरणाऱ्या पांढऱ्या पंखांच्या आइसलँड कुरवाचा भास होतो. (जाता जाता : आइसलँड कुरव आइसलँडमध्ये वीण घालत नाही, तो येतो ग्रीनलँड आणि कॅनडाच्या उत्तर भागातून. पक्ष्यांच्या नावांवर विसंबून राहू नये ते असे.) आपण पाहिलेला पक्षी मात्र ऐन हिवाळ्यातला आणि लहान चणीचा आहे. तोपर्यंत या जातींची पिसे बदलून झालेली असतात, त्यामुळे हे कारण आपल्या बाबतीत बहुधा बाद होते. तिसरे कारण उन्हाने पिसे विटण्याचे. पहिल्या वर्षाच्या कोवळ्या पक्ष्यांची जुनी पिसे वसंताच्या अखेरीस विटून जवळजवळ पांढरी पडतात, पण तेही हिवाळ्यात लागू होत नाही. उरते ते चौथे : रंगद्रव्याच्या जन्मजात अभावामुळे काही पिसे पांढरी असलेला साधाच पक्षी. असे पक्षी मोठ्या थव्यात अधूनमधून दिसतात आणि थव्यात सर्वांत आधी नजरेत भरतात तेच.

तेव्हा रंग तात्पुरता बाजूला ठेवून अंगलट पाहावी. भूमध्य कुरवाची चोच जाड, बोथट आणि टोकाशी किंचित खाली झुकल्यासारखी असते, तर काळ्या डोक्याच्या कुरवाची चोच बारीक आणि टोकदार असते. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाच्या डोळ्यामागे एक सुटा गडद ठिपका राहतो, भूमध्य कुरवाच्या चेहऱ्यावर डोळ्यापासून मागे ओढलेला धुरकट पट्टा असतो, जणू कोणी काजळ बोटाने फराटले आहे. पाय लांब, छाती भरलेली, पाठीचा करडा रंग शेजाऱ्यांपेक्षा फिका. आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे पंखाची खालची बाजू. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या टोकाकडील पिसांची खालची बाजू धुरासारखी गडद दिसते, प्रौढ भूमध्य कुरवाची मात्र टोकापर्यंत स्वच्छ पांढरी असते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. केवळ पांढरी टोके शोधत बसलात, तर भूमध्य कुरवाची पिल्लावळ आपल्या हातून निसटेल. पहिल्या हिवाळ्यातील पक्ष्याच्या पंखाची बाहेरची पिसे चक्क काळी असतात, मधला पट्टा फिका करडा आणि मागच्या कडेला गडद पट्टी असते, आणि दुसऱ्या हिवाळ्यात पांढऱ्या टोकांवर काळे ठिपके शिल्लक असतात. कान उघडे ठेवल्यास आणखी मदत होते. काळ्या डोक्याच्या कुरवांच्या कर्कश गोंगाटात भूमध्य कुरवाचा अनुनासिक, आश्चर्य वाटल्यासारखा चढून उतरणारा आवाज चटकन वेगळा पडतो.

दुर्मीळ या शब्दाविषयीही थोडे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही जात प्रामुख्याने काळ्या समुद्राच्या आसपास वीण घालत असे. पुढे ती पश्चिमेकडे सरकत गेली, १९६८ साली ब्रिटनमध्ये तिची पहिली वीण नोंदली गेली आणि आज तेथील दक्षिण किनाऱ्यालगतच्या शेतांत तिचे थवे उतरतात. तेव्हा आपल्या भागात आज ती किती दुर्मीळ आहे, हे जुन्या पुस्तकावरून न ठरवता अलीकडच्या नोंदींवरून ठरवावे.

प्रश्न : मी दुर्बीण घेऊन तासभर थवा न्याहाळतो, पण दहा मिनिटांनंतर सगळे पक्षी एकसारखेच दिसू लागतात. थवा पाहण्याची काही शिस्त असते का?

उत्तर : असते, आणि तिची सुरुवात वाऱ्यापासून होते. जमिनीवर बसलेले कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसतात. आपण वाऱ्याच्या दिशेला उभे राहिलो तर नुसती तोंडे दिसतात, उलट बाजूला उभे राहिलो तर नुसत्या शेपट्या. वाऱ्याला काटकोनात जागा धरली की अख्खा थवा एका कुशीवर दिसतो आणि चोच, पाठ, मिटलेले पंख आणि पाय यांची तुलना एका ओळीत करता येते. सूर्य पाठीशी असावा हे ठीकच, पण त्याहून उत्तम म्हणजे पातळ ढगांचा दिवस. कडक उन्हात पांढरा आणि फिका करडा हे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून जातात आणि दुपारी नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या वाफेमुळे टेलिस्कोपमधले सगळे चित्र थरथरते.

त्यानंतर थवा डावीकडून उजवीकडे एकेका लक्षणासाठी वेगवेगळा पाहावा. पहिल्या फेरीत फक्त पाठीचा रंग, दुसरीत फक्त पाय, तिसरीत फक्त चोच. सगळी लक्षणे एकदम पाहू गेल्यास डोळे दमतात आणि आपण म्हणता तसे दहाव्या मिनिटाला सगळे सारखे दिसू लागते. मला स्वतःला मोजण्याचा उपयोग होतो. मनातल्या मनात आकडे म्हणत गेले की प्रत्येक पक्ष्यावर क्षणभर तरी नजर थांबते, नाहीतर ती पाच-पाच पक्षी ओलांडून पुढे पळते.

ट्रॅक्टर चालू असेल तर मात्र बसलेल्या थव्याच्या मागे लागू नये, शेताच्या ज्या टोकाला ट्रॅक्टर वळतो तेथे थांबावे. नांगराच्या फाळाने माती उलटली की गांडुळे आणि अळ्या उघड्या पडतात, पण त्या फार वेळ वर राहत नाहीत. त्यामुळे नांगराच्या ताज्या तासावर, म्हणजे नुकत्याच पडलेल्या चरावर, जागा मिळवण्यासाठी मागे पडलेले पक्षी पुढच्यांच्या डोक्यावरून उडी घेत सतत पुढे येत राहतात. रहाटगाडग्यासारखा हा क्रम चालू असतो आणि वळणाशी उभ्या असलेल्या माणसासमोरून एकेक पक्षी पंख पसरून जातो, कधी वीस-पंचवीस पावलांवरून. कुरवाची ओळख शेवटी पंखावर ठरते आणि बसलेला पक्षी पंख दाखवत नाही, म्हणून अशी अर्ध्या तासाची संधी दिवसभराच्या टेहळणीपेक्षा मोलाची.

शेतातल्या थव्याचे दोन खास चकवे आहेत. पहिला चिखलाचा. ओल्या नांगरटीत चरणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि चोचीचे पुढचे अर्धे टोक मातीने माखते, वाळल्यावर ते काळे दिसते आणि लाल पायांचा पक्षी काळ्या पायांचा होऊन बसतो. एका संध्याकाळी काळे पाय आणि काळसर चोच असलेला एक लहानसा कुरव पाहून मी स्नेह्यांना निरोपही धाडले होते. ते पोहोचेपर्यंत पक्षी बांधालगतच्या डबक्यात उतरला, चार वेळा अंग झटकून वर आला, आणि त्याचे पाय आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक झाले. तेव्हापासून पायांचा रंग लिहिण्यापूर्वी मी मांडीपासून नखापर्यंत तो एकसारखा आहे का हे पाहतो. चिखलाची रेघ नेहमी कुठेतरी तुटते.

दुसरा चकवा आकाराचा. टेलिस्कोपमधून पाहताना मागे-पुढे उभ्या असलेल्या दोन सारख्या पक्ष्यांपैकी मागचा पक्षी आपल्याला मोठा भासतो. भिंगामुळे दोघांमधले अंतर दबते आणि तो दूर आहे म्हणून लहान दिसायला हवा, अशी आपल्या मेंदूची अपेक्षा पुरी होत नाही. ‘शेजारच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा’ हे वाक्य वहीत लिहायचे असेल, तर दोघांनी जागा बदलल्यावरही तो मोठाच दिसतो का, हे पाहून मगच लिहावे.

थव्याच्या कडांकडेही लक्ष असू द्यावे. काही कुरव नांगराच्या मागे न जाता टिटव्या आणि सोनेरी चिखल्यांच्या कळपात अंतर राखून उभे राहतात आणि त्यांनी गांडूळ ओढून काढले की झडप घालून ते पळवतात. काही ओल्या गवतावर एकाच जागी पाय आपटत नाचल्यासारखे करतात, त्या थरथरीने गांडुळे वर येतात. वागण्यावरून जात ठरत नाही, पण वेगळे वागणारा पक्षी नीट पाहिला जातो, आणि पुष्कळदा शोध असाच लागतो.

प्रश्न : छाती आणि पोट स्पष्ट गुलाबी असलेला एक कुरव मला शेतात दिसला. हा रॉसचा कुरवच ना?

उत्तर : फार करून नाही. पिसांवरची गुलाबी झाक अन्नातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येते आणि ती काळ्या डोक्याच्या, फ्रँकलिनच्या तसेच रिंग-बिल्ड कुरवांतही अधूनमधून चांगली गडद दिसते. रॉसच्या कुरवाची शेपटी मधोमध लांब होत पाचरीसारखी निमुळती असते, चोच कबुतरासारखी इवलीशी असते आणि विणीच्या पिसाऱ्यात मानेभोवती बारीक काळे कडे असते. सैबेरियात कोलिमा नदीच्या मुखाजवळ त्याच्या विणीच्या जागा सापडल्या त्या १९०५ साली, यावरून तो किती आडवाटेचा आहे हे लक्षात यावे. आपल्या पत्रात शेपटीचा उल्लेख नाही. शेपटी पाहिली नसेल तर गुलाबी रंगाला महत्त्व देऊ नये.

प्रश्न : पिवळ्या चोचीवर काळे कडे असलेला कुरव म्हणजे रिंग-बिल्ड गल, असे वाचले आहे. आमच्या शेतातल्या कॉमन गलच्या थव्यात असे कडे असलेले निदान तीस पक्षी आहेत. एवढे दुर्मीळ पक्षी एकदम कसे?

उत्तर : आपल्या शंकेतच उत्तर आहे. हिवाळ्यात कॉमन गलच्या चोचीवरही पुसट गडद कडे येते, आणि नावातच कडे असल्याने लोक रिंग-बिल्ड गल शोधताना आधी तेच पाहतात. कडे सोडून डोळा पाहावा : प्रौढ रिंग-बिल्ड गलचा डोळा फिका पिवळा असल्यामुळे चेहरा रागीट वाटतो, कॉमन गलचा डोळा काळाभोर असल्याने चेहरा गरीब दिसतो. मग पाठ पाहावी. रिंग-बिल्ड गलची पाठ फिकी असते आणि पाठ व मिटलेल्या पंखाच्या मध्ये कॉमन गलला जी रुंद पांढरी चंद्रकोर असते, ती याच्याकडे जेमतेम रेघेएवढी असते. पंख उघडल्यावर काळ्या टोकातले पांढरे डाग कॉमन गलचे मोठे, याचे लहान. शंभर कॉमन गलमध्ये फिक्या पाठीचा एक पक्षी या क्रमाने शोधला तर पाच मिनिटे पुरतात.

हे सारे प्रौढांपुरते झाले. या दोन्ही मध्यम चणीच्या जातींना प्रौढ पिसारा यायला साधारण तीन वर्षे लागतात, लहान कुरवांना दोन आणि हेरिंग गलसारख्या मोठ्यांना चार. तेव्हा पक्ष्याचे वय ठरवल्याशिवाय जात ठरवायला जाऊ नये. कोवळ्या रिंग-बिल्ड गलचा डोळा काळाच असतो, हे एवढ्यासाठीच सांगून ठेवतो. आणि अटलांटिकच्या पलीकडे, उत्तर अमेरिकेत, हाच पक्षी शेतांत आणि वाहनतळांवर रोजचा आहे. ब्रिटनमध्ये तो पहिल्यांदा १९७३ साली नोंदला गेला, तिकडे मात्र कॉमन गल दिसला की पक्षीनिरीक्षक धावत सुटतात.

प्रश्न : मी काढलेली छायाचित्रे जोडून एका दुर्मीळ कुरवाची नोंद, अशा नोंदी तपासणाऱ्या समितीकडे पाठवली होती. पाठीचा गडद रंग छायाचित्रात स्वच्छ दिसत असूनही नोंद अमान्य झाली. छायाचित्रापेक्षा मोठा पुरावा कोणता?

उत्तर : आपली नाराजी समजू शकते, परंतु आपण पाठवलेले छायाचित्र मीही पाहिले आणि समितीशी मी सहमत आहे. पाठीची करडी छटा ही छायाचित्रात सर्वांत कमी भरवशाची गोष्ट आहे. पांढऱ्या पक्ष्यांमुळे कॅमेरा चित्र काळवंडतो, काळ्या जमिनीमुळे उजळवतो, आणि तोच पक्षी थोडा वळला तरी पाठ एकदम गडद किंवा फिकी होते. कुरवांच्या अभ्यासात करड्या छटांसाठी कोडॅकची ० ते १९ अशी मोजपट्टी वापरतात, तिच्यात ० म्हणजे पांढरा आणि १९ म्हणजे काळा. पण ती नीट उपयोगी पडते ती संग्रहालयातल्या नमुन्याशेजारी ठेवून. शेतात उपयोगी पडते ती तुलना. त्याच चौकटीत, त्याच कोनात उभा असलेला नेहमीचा कुरव असेल तर छटेला अर्थ येतो. आपल्या चित्रात पक्षी एकटा आहे.

पुढच्या वेळी उजेड थोडा कमी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे पांढऱ्या पिसांचे बारकावे उडून जात नाहीत, आणि पक्षी उडताना सलग बरीच चित्रे घ्यावीत. त्यांतले एक जरी उघडा पंख वरून आणि एक खालून दाखवत असेल, तरी बसलेल्या पक्ष्याच्या पन्नास सुंदर चित्रांपेक्षा ते वजनदार ठरते. त्याखेरीज मार्गदर्शक पुस्तक उघडण्यापूर्वी, पक्षी समोर असतानाच टिपण लिहावे. पुस्तक पाहून लिहिलेल्या टिपणात न पाहिलेली लक्षणेही शिरतात, आणि समितीतील जाणकारांना ते पहिल्या परिच्छेदातच कळते. समित्या संशयी असतात याला इतिहासही आहे : इंग्लंडमधील हेस्टिंग्ज परिसरातल्या १८९२ ते १९३० या काळातील दुर्मीळ पक्ष्यांच्या शेकडो नोंदी बनावटीच्या संशयावरून १९६२ साली फेटाळल्या गेल्या. आपल्या प्रामाणिकपणावर कोणी बोट ठेवलेले नाही. अमान्य नोंदीचा अर्थ पुरावा अपुरा एवढाच घ्यावा आणि टिपण जपून ठेवावे. ओळखीच्या नव्या खुणा पुढे येतात तेव्हा जुनी टिपणे पुन्हा तपासली जातात आणि काही मान्यही होतात.

प्रश्न : पक्षी जवळून पाहण्यासाठी शेतात शिरणे योग्य आहे का?

उत्तर : मालकाला विचारल्याशिवाय नाही, आणि पेरणी झालेली असेल तर विचारूनही नाही. तसे केल्याने लाभही होत नाही. चालत येणारा माणूस दिसला की थवा उठतो, तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीकडे ते दुर्लक्ष करतात. गाडीची काच खाली करून, दुर्बीण दारावर टेकवून पाहणे सर्वांत सोयीचे. पक्षी खरोखर दुर्मीळ निघाला, तर जागा जाहीर करण्याआधी शेतकऱ्याला कल्पना द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर चाळीस माणसे उभी राहिली तर निस्तरायचे त्यालाच असते. आणखी एक : २०२३ साली युरोपात बर्ड फ्लूने काळ्या डोक्याचे कुरव मोठ्या संख्येने मेले. शेतात मेलेला किंवा गुंगलेला कुरव दिसल्यास हात न लावता स्थानिक पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे.

प्रश्न : एका कुरवाच्या पायात अक्षरे असलेले रंगीत कडे होते. मला चारपैकी तीनच अक्षरे वाचता आली. आता त्याचा काही उपयोग आहे का?

उत्तर : आहे, जरूर कळवावे. कडे डाव्या पायात होते की उजव्या, कड्याचा रंग कोणता, अक्षरांचा रंग कोणता, धातूचे दुसरे कडे होते का, हे सगळे लिहावे. अक्षरे बहुधा पंजाकडून वर वाचायची असतात, तेव्हा आपण कुठल्या बाजूने वाचली तेही नमूद करावे. जात, वय आणि रंगांची जोडी एवढ्यावरून कडे घालणारा प्रकल्प पुष्कळदा ठरवता येतो, आणि न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले की प्रकल्पाकडील यादीत दोन-चार पक्षीच शिल्लक राहतात. शिवाय कुरव आदल्या दिवशीच्या शेतात पुन्हा येतात, विशेषतः नांगरणी अपुरी राहिली असेल तर. संध्याकाळी रातथाऱ्याच्या पाण्याकडे निघण्यापूर्वी ते जवळच्या एखाद्या मोकळ्या शेतात तासभर पिसे साफ करत बसतात आणि त्या वेळी पाय ढेकळांत लपलेले नसतात. चौथे अक्षर वाचायला तीच वेळ धरावी.